मिटलेल्या खात्याची शिल्लक

दीपावलीच्या मुहूर्तावर व्यापारी घरात नव्या वहीचे पहिले पान उघडले जाते. 'श्री' लिहिली जाते, गौतमस्वामींच्या लब्धीची व शालिभद्राच्या ऋद्धीची कामना केली जाते आणि घरातील प्रत्येकाच्या मनात एकच आशा असते : येणारे वर्ष आपले असेल. नेमक्या याच अर्थाचे शीर्षक असलेले एक गीत, 'धिस विल बी अवर इयर', १९६७ साली लंडनमध्ये पाच तरुणांनी ध्वनिमुद्रित केले. ते वर्ष मात्र त्यांचे ठरले नाही. डिसेंबर उजाडला आणि त्यांची भागीदारी मोडली.

या गटाचे नाव 'द झॉम्बीज'. लंडनच्या उत्तरेकडील सेंट ऑल्बन्स या गावी शाळकरी वयात हे मित्र एकत्र आले. रॉड अर्जंट पियानो व ऑर्गन वाजवी, कॉलिन ब्लनस्टन गाई, ख्रिस व्हाइट बेस गिटार, पॉल ॲटकिन्सन गिटार आणि ह्यू ग्रंडी ड्रम सांभाळी. १९६४ मधील 'शीज नॉट देअर' या पहिल्याच गीताने त्यांना ब्रिटन व अमेरिकेत नाव मिळवून दिले. पुढची गीते तशी खपली नाहीत. १९६७ मध्ये सीबीएस या कंपनीने त्यांना पूर्ण ध्वनिमुद्रिकेसाठी एक हजार पौंड दिले. एवढ्यात सर्व भागवायचे होते. म्हणून गीते आधी घोटून घोटून बसवली गेली आणि मगच ॲबी रोड येथील स्टुडिओचे दार उघडले. तेथे थोड्याच दिवसांपूर्वी बीटल्सनी आपले 'सार्जंट पेपर' पूर्ण केले होते. जॉन लेननने मागे ठेवलेले मेलोट्रॉन हे वाद्य आपण तेथे वापरले, असे अर्जंट पुढे सांगत आले. बारा गीतांच्या या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'ओडेसी अँड ओरॅकल'. वेष्टनावर चित्रकाराच्या हातून 'वाय'च्या जागी 'ई' पडला आणि इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग कायमचे चुकले.

भागीदारी का मोडली, हे कोणत्याही पेढीने समजून घेण्यासारखे आहे. गीते लिहिणारे दोघे होते, अर्जंट आणि व्हाइट. त्यांना गीतकार म्हणून रॉयल्टी मिळे. उरलेल्या तिघांची भिस्त कार्यक्रमांच्या बिदागीवर होती आणि मागणी घटल्यावर तीही आटली. पाच जण एकाच गाडीतून प्रवास करीत, एकाच रंगमंचावर उभे राहत. परंतु महिनाअखेरीस दोघांच्या घरी पैसा येई आणि तिघांच्या घरी येत नसे. भांडण झाले नाही, कोणी कोणावर आळ घेतला नाही. मालही उत्तम होता. तरीही अशा विषम उत्पन्नावर मैत्री फार काळ तग धरत नाही. नवी दोन गीते सुट्या तबकड्यांच्या रूपाने बाजारात आली, पडून राहिली आणि सर्वांनी शांतपणे निरोप घेतला. ज्याच्या आवाजावर गट उभा होता तो ब्लनस्टन एका विमा कार्यालयात नोकरीस लागला. ॲटकिन्सनने संगणकाच्या कामाची वाट धरली.

त्याच सुमारास कंपनीने कळवले की ध्वनिमुद्रिका स्टीरिओतही हवी. काम मोनोमध्ये पुरे झालेले, मंजूर रक्कम संपलेली. तेव्हा अर्जंट आणि व्हाइट यांनी सुमारे दोनशे पौंड आपल्या रॉयल्टीतून भरले. गट मोडीत निघत असता, परतफेडीची आशा नसता त्यांनी हा खर्च केला. हिशेबनिसाच्या नजरेने हा व्यवहार तोट्याचा. पण हाती घेतलेले काम अपुरे सोडायचे नाही, एवढेच त्यांना ठाऊक होते. त्यातही एक गीत अडले. त्यातील पितळी वाद्ये अंतिम मोनो मिश्रणाच्या वेळीच थेट वाजवली गेली होती, चार पट्ट्यांच्या मूळ फितीवर ती नव्हतीच. त्यामुळे त्याचे खरे स्टीरिओ रूप तेव्हा होऊ शकले नाही. ते गीत होते 'धिस विल बी अवर इयर'.

एप्रिल १९६८ मध्ये ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये आली आणि दुर्लक्षित राहिली. अमेरिकेत ती काढण्यास कंपनी नाखूश होती. अल कूपर या संगीतकाराने लंडनहून परतताना आणलेल्या तबकड्यांत ती ऐकली आणि वरिष्ठांकडे तिचा आग्रह धरला. १९६९ च्या प्रारंभी त्यातील 'टाइम ऑफ द सीझन' हे गीत अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. गंमत अशी की हेच गीत गाताना ब्लनस्टन वैतागला होता. चाल कशी म्हणावी यावरून अर्जंटशी त्याची खडाजंगी झाली होती, असे दोघांनीही पुढे हसत सांगितले. मागणी आली तेव्हा माल पुरवणारी पेढीच उरली नव्हती. अमेरिकेत तोतये गट 'झॉम्बीज' म्हणून कार्यक्रम करू लागले. मूळ मंडळी पुन्हा एकत्र आली असती तर पैसा मिळाला असता. परंतु अर्जंट आणि व्हाइट नव्या गटाच्या उभारणीत गुंतले होते.

तरुणपणी ऐकलेली ही ध्वनिमुद्रिका साठी ओलांडलेल्या श्रोत्याने पुन्हा लावली की ती निराळी ऐकू येते. विशीत 'टाइम ऑफ द सीझन'चा ठेका तेवढा लक्षात राहिलेला असतो. आता 'केअर ऑफ सेल ४४' थांबवून ठेवते. उल्हसित चालीचे हे गीत म्हणजे तुरुंगातून सुटून येणाऱ्या माणसाला लिहिलेले पत्र आहे. चुकलेल्या माणसाची घरी कोणी तरी वाट पाहत आहे आणि त्या वाट पाहण्यात दोषारोप नाही. क्षमापनेचे महत्त्व जाणणाऱ्या मनाला हे लगेच उमगते. 'अ रोझ फॉर एमिली'मध्ये केवळ पियानो आणि माणसांचे आवाज. इतरांचे प्रेम पाहत एकटीच म्हातारी झालेली स्त्री त्यात आहे. आणि 'बुचर्स टेल' हे १९१४ च्या पश्चिम आघाडीवरील सैनिकाचे मनोगत. हा सैनिक मूळचा खाटीक आहे. ज्याचा धंदाच सुरीचा, त्याचेही हात रणांगणावरील संहार पाहून थरथरतात. व्हाइटने ते स्वतः गायिले आहे आणि साथीला आपल्या पेटीच्या नात्यातला, पायाने भात्याचा ऑर्गन आहे. जीवदयेच्या संस्कारात वाढलेल्या श्रोत्याला विशीत हे गीत केवळ विचित्र वाटलेले असते. साठीत ते ऐकवत नाही आणि सोडवतही नाही.

काळाने पुढे या ध्वनिमुद्रिकेला तिचे माप दिले. 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाने पाचशे श्रेष्ठ ध्वनिमुद्रिकांत तिला स्थान दिले आणि २०१९ मध्ये गटाचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. परंतु त्याहून मोठी गोष्ट मार्च २००८ मध्ये घडली. लंडनच्या शेफर्ड्स बुश एम्पायर या नाट्यगृहात हयात असलेले चौघे एकत्र आले. ॲटकिन्सन २००४ मध्ये निवर्तले होते. गट आधीच मोडल्यामुळे ही बारा गीते श्रोत्यांपुढे सलग कधी सादरच झाली नव्हती. चाळीस वर्षांनी साठी ओलांडलेल्या त्या माणसांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. ज्या तिघांची ओढाताण झाली होती त्यांपैकी दोघे त्या रात्री लिहिणाऱ्या दोघांच्या शेजारी उभे होते. क्रमाने 'धिस विल बी अवर इयर'ची पाळी आली आणि भरलेल्या सभागृहापुढे ब्लनस्टन ते गायिला.