डाग न पडण्याचे औषध

आम्ही दोघे नवरा-बायको मुंबईत गालिचे आणि सोफे धुण्याचा धंदा करतो. धंदा म्हणतो, नोकरी म्हणत नाही. कारण मशीन आमचे आहे, बिलबुक आमचे आहे आणि दर आम्ही सांगतो. सुरुवातीला नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी तोंड वाकडे केले. "एवढं शिकून शेवटी साफसफाईच का रे?" असे एका मामांनी भर लग्नात विचारले. आम्ही त्यांना आमचे कार्ड दिले. त्यांनी ते चष्मा काढून वाचले, खिशात ठेवले आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या साहेबाच्या घरचे काम मिळवून दिले.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरात गालिचा आहे हे आम्हाला ठाऊक आहे. पण हॉटेलात, इस्पितळात, विमानतळावर, कचेऱ्यांत हाऊसकीपिंगला जाणाऱ्या आपल्या कितीतरी भावा-बहिणींचे हात रोज दुसऱ्याच्या गालिच्यावर असतात. त्यांच्या हातात जो पंप दिला जातो त्यात काय असते, हे त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहीत आहोत.

गालिचा धुऊन झाला की त्यावर एक द्रव फवारतात. इंग्रजीत त्याला प्रोटेक्टर म्हणतात, आमची गिऱ्हाइके म्हणतात 'ते डाग न पडायचं औषध'. काही जण टेफ्लॉन म्हणतात आणि तव्यासारखे काहीतरी चढवणार असे समजतात. प्रत्यक्षात ते गालिच्याच्या धाग्यावर इतका पातळ थर देते की डोळ्यांना दिसत नाही. चहा सांडला तर तो धाग्यात झिरपण्याऐवजी थेंब होऊन वर थांबतो, अळूच्या पानावर पाणी थांबते तसा. तेवढ्या वेळात पांढऱ्या फडक्याने टिपून घेतला तर डाग राहत नाही. पण फोन आला, गप्पा रंगल्या आणि चहा तसाच राहिला, तर औषधालाही हात टेकावे लागतात. हे औषध तुम्हाला वेळ मिळवून देते. त्याहून जास्त काही देत नाही.

याचा शोध अपघाताने लागला. अमेरिकेतील थ्री-एम कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५३ साली एका सहायिकेच्या कॅनव्हासच्या बुटांवर प्रयोगातील रसायनाचे थेंब सांडले. ते काही केल्या धुतले जाईनात. तेथे काम करणाऱ्या पॅट्सी शर्मन या बाई आणि त्यांचे सहकारी सॅम्युएल स्मिथ यांनी विचार उलटा केला, की जे धुतले जात नाही ते डागही धरत नसावे. १९५६ साली स्कॉचगार्ड बाजारात आले. नायलॉनच्या गालिच्यांसाठी पुढे आणखी एक युक्ती निघाली. नायलॉनच्या धाग्यात रंग पकडणाऱ्या जागा असतात. सरबताचा लाल रंग तिथे जाऊन बसला की निघत नाही. त्या जागा आधीच रंगहीन राळेने भरून टाकल्या की लाल रंगाला बसायला पाटच उरत नाही. १९८६ साली ड्युपॉन्टने अशा प्रक्रियेचे गालिचे स्टेनमास्टर या नावाने विकायला काढले.

इथपर्यंतची कथा विक्रेता मोठ्या आवडीने सांगतो. पुढची सांगत नाही. या औषधातील जे रसायन तेल आणि पाणी दोन्ही परतवते, ते फ्लोरीनचे असते, आणि त्या जातीची रसायने निसर्गात विरघळून संपत नाहीत. पाण्यात, मातीत, माणसाच्या रक्तात ती साठून राहतात. थ्री-एमने मे २००० मध्ये स्कॉचगार्डमधील जुने रसायन बंद करत असल्याचे जाहीर केले. २००९ साली ते स्टॉकहोम कराराच्या यादीत आले, आणि त्याचे भावंड, ज्याला सी-एट म्हणतात, ते २०१९ साली आले. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील एका कारखान्याच्या आसपास सी-एट मिसळलेले पाणी पिणाऱ्या लोकांची तपासणी झाली. मूत्रपिंडाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार अशा सहा आजारांशी त्याचा संबंध संभवतो, असे तेथील शास्त्रज्ञांच्या मंडळाने २०११-१२ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सी-एटला कर्करोगकारक ठरवले. रांगणारे मूल गालिच्यावर हात टेकवते आणि तोच हात तोंडात घालते; म्हणून कॅलिफोर्नियाने २०२१ पासून अशा गालिच्यांवर खास नियम लावले. मिनेसोटा राज्याने १ जानेवारी २०२५ पासून असे गालिचे आणि कापडावर मारायची अशी औषधे विकण्यास बंदी घातली.

जुने गेले म्हणून नवे निर्धोक झाले असे नाही. आठ कड्यांच्या साखळीऐवजी सहा कड्यांची साखळी आली, पण तीही फ्लोरीनचीच. आणि फ्लोरीन नसलेली औषधे पाणी परतवतात, तेल परतवत नाहीत. आमची खरी अडचण इथे आहे. आपल्याकडचा डाग म्हणजे आमटीचा डाग. त्यात तेल आहे, ऊन आहे आणि हळद आहे. ज्या औषधाने आमटी थांबते ते औषध घरात नको, आणि जे घरात चालेल त्याने आमटी थांबत नाही. हे गिऱ्हाइकाला सांगून पुन्हा त्याच्याकडे पैसे मागायचे, म्हणजे विक्रीची कसोटीच.

आम्ही माल कसा निवडतो ते सांगतो. विक्रेत्याकडे आधी सुरक्षा माहितीपत्रक मागतो. प्रत्येक चांगल्या उत्पादकाकडे ते असते. जो "कशाला हवंय, सगळे हेच वापरतात" म्हणतो, त्याचा नमुना चहा पाजून परत करतो. माहितीपत्रक मिळाले की गालिच्याच्या दुकानातून मागून आणलेल्या कातरणांवर प्रयोग. लोकर, नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन, तिन्हींचे तुकडे घेऊन अर्ध्या भागावर औषध मारायचे, अर्धा कोरा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पाण्याचा एक थेंब, गोड्या तेलाचा एक थेंब. पाणी थांबले आणि तेल शिरले, तर माल सिलिकॉनचा किंवा फ्लोरीन नसलेला. दोन्ही थांबले तर फ्लोरीनचा, मग विक्रेता काहीही म्हणो. त्यानंतर ते तुकडे आमच्या दारात पायपुसणे म्हणून टाकतो. चाळीत दिवसभर येणारी-जाणारी माणसे असतात, एवढी चांगली प्रयोगशाळा कुणाकडे नसेल. महिन्याने पाहावे. स्वस्त सिलिकॉनचा अर्धा भाग कोऱ्या भागापेक्षा काळा पडलेला असतो, कारण ते पाणी झटकते, पण पायांचा तेलकट मळ धरून ठेवते. बाजारात 'टेफ्लॉन' म्हणून खपणाऱ्या मालात हे पुष्कळ असते.

औषध कुठे लावू नये हे कळणेही तितकेच महत्त्वाचे. पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यात रंग बसायला जागाच नसते, त्याला नायलॉनची राळ लावणे म्हणजे टकलाला कंगवा विकणे. 'बांबू सिल्क' म्हणून जे गालिचे हल्ली घरोघर दिसतात ते बहुधा व्हिस्कोसचे असतात. पाणी लागले की पिवळे पडतात आणि त्यांची लव आडवी होते. काश्मीर किंवा भदोहीचा हाताने विणलेला गालिचा असेल तर ओले पांढरे फडके एका कोपऱ्यावर दाबून पाहतो. फडक्यावर रंग आला, तर पाण्यातले कुठलेच औषध त्याला नको.

आणि मळक्या गालिच्यावर औषध मारणे म्हणजे न धुतलेल्या जखमेवर पट्टी. आधी कोरडी माती व्हॅक्यूमने काढायची, कारण गालिच्यातला बराचसा मळ कोरडाच असतो. मग धुणे, मग साबणाचा अंश राहणार नाही असे खळबळणे. साबण राहिला तर औषध धाग्याला नीट धरत नाही आणि राहिलेला चिकटा नवी धूळ ओढतो. ओलसर असतानाच फवारायचे, ब्रशने धाग्यात बसवायचे आणि पूर्ण वाळेपर्यंत पाऊल पडू द्यायचे नाही. पावसाळ्यात हे वाळवणेच दिवस खाते. पंखे लावूनही संध्याकाळ होते.

फवारणाऱ्याच्या छातीबद्दल फार कमी बोलले जाते. बारीक धुक्यासारखा फवारा फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. पाणीरोधक स्प्रे बंद खोलीत मारल्याने माणसांना अचानक धाप लागल्याच्या घटना बऱ्याच देशांत डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. म्हणून पंपाचा दाब कमी आणि थेंब मोठा ठेवावा. खिडक्या उघड्या हव्यात, एसी बंद हवा. तोंडाला रुमाल किंवा इस्पितळातला निळा मास्क उपयोगाचा नाही, गाळणीची डबी लावलेला रबरी मास्क लागतो. तो महाग आहे. कंत्राटदार म्हणेल, पाच मिनिटांचे काम आहे. पाच मिनिटांचे काम त्याने स्वतः करावे. आमचा पुतण्या सुट्टीत आमच्याबरोबर येतो, पण फवारणीच्या वेळी त्याला जिन्यात उभे करतो. त्याला राग येतो. येऊ दे.

आता पैशाचे. धुण्याचा आमचा दर चौरस फुटाला ८ रुपये आणि औषधाचा वेगळा ५ रुपये. २०० फुटांचा गालिचा धुवायला अर्धा दिवस जातो, त्याचे १,६०० रुपये. औषध मारायला अर्धा तास, त्याचे १,०००. आता तुम्हीच सांगा, कुणाला विकावेसे वाटणार नाही? म्हणूनच या धंद्यात पाच वर्षांच्या गॅरंट्या वाटल्या जातात. पायाखाली थर झिजतो. जिथून माणसे चालतात त्या पट्ट्यात तर लवकरच झिजतो. पाच वर्षे तो कुठल्या देवाच्या जोरावर टिकणार?

एका कचेरीत पॉलिप्रॉपिलीनच्या चौकोनी गालिच्यांचे मोठे काम होते. व्यवस्थापकाला सगळीकडे कोटिंग आणि लेखी गॅरंटी हवी होती. आम्ही म्हटले, "साहेब, याला कोटिंगची गरज नाही. दाराशी दोन चांगली पायपुसणी टाका आणि रोज व्हॅक्यूम करा." त्यांनी आमच्याकडे असे पाहिले की जणू झाडणाऱ्याने हिशेबाच्या वहीवर बोट ठेवले. काम दुसऱ्याला गेले. त्याने गॅरंटी दिली असणार. तो जून महिना होता, मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, आणि दोन दिवस घरात आम्ही एकमेकांशी नीट बोललो नाही. "तोंड मिटून लावलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?" हा प्रश्न आमच्यापैकी एकाने विचारला. कुणी ते सांगणार नाही. उत्तर दुसऱ्याने दिले नाही, दोन सोफ्यांची कामे शोधून आणली. फी उशिरा भरली. ती कचेरी पुन्हा आमच्याकडे आली नाही.

घरगुती गिऱ्हाईक मात्र वेगळे असते. तिथे बोलणे बाईने करावे, हा आमचा अनुभव. दादरला एका आजींकडे लोकरीचा गालिचा होता. नातू नुकताच रांगू लागला होता. आम्ही विचारले, "आजी, जेवण कुठे होतं? कुत्रं-मांजर आहे का? बाळ कुठे खेळतं?" त्या म्हणाल्या, "अगं, इथेच सगळं. म्हणून तर औषध मारून घ्यायचंय." आम्ही सांगितले की तेल थांबवणारे औषध आम्ही ठेवत नाही. आमच्याकडे आहे ते पाणी, चहा, सरबत थोडा वेळ थांबवते. आमटी थांबवणार नाही. बाळ आहे तोवर तेही मारू नका, गालिच्यावर धुता येणारी चादर टाका. आजी हसल्या. "तुम्ही विकायला आलात की नाही म्हणायला?" मग आमटी सांडली तर काय करायचे ते त्यांना दाखवले. चमच्याने वरचे उचलायचे, कडेकडून मध्याकडे टिपायचे, घासायचे नाही, आणि हळदीवर साबण अथवा सोडा लावायचा नाही, कारण खाराने हळद लाल होते. राहिलेला पिवळेपणा उन्हाने उतरतो. हे त्यांना आमच्याआधीच ठाऊक होते. फक्त धुण्याचे पैसे मिळाले. पुढे त्यांनी सुनेच्या माहेरचे काम दिले, पण दर पाडून घेतला, हेही सांगायला हवे.

औषध विकतो तेव्हा बिलावर वेगळ्या ओळीत मालाचे नाव, तारीख, कुठल्या भागावर मारले ते, आणि 'तेल, हळद, ब्लीच यांची जबाबदारी नाही' असे मराठीत लिहितो. गिऱ्हाइकासमोर कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून दाखवतो आणि मगच पैसे घेतो. काही जण ती ओळ वाचून म्हणतात, मग राहू द्या. आम्ही ती ओळ खोडतो आणि धुण्याचे बिल करतो.

एका विक्रेत्याने नमुना म्हणून फुकट दिलेला पाच लिटरचा कॅन आमच्या माळ्यावर आहे. त्यावर नाव आहे, चकचकीत चित्र आहे, आत काय आहे ते लिहिलेले नाही. दारातल्या तुकड्यावर त्याने पाणीही थांबवले आणि तेलही. विकला असता तर महिन्याचा किराणा निघाला असता. विकायचा नाही हे ठरले आहे. पण मोरीत ओतला तर तो गटारातून खाडीत जाणार, आणि खाडीतले मासे आपणच खाणार. विक्रेता परत घ्यायला तयार नाही, फोनही उचलत नाही. भंगारवाला म्हणतो, रिकामा करून द्या. झाकण घट्ट लावून, त्यावर खडूने 'उघडू नये' असे लिहून तो तसाच ठेवला आहे.