गोणपाटाच्या भिंती

जुनं, रिकामं घर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कोकणातला चौसोपी वाडा, सागवानी खांब, माळ्यावर धूळ खात पडलेला पितळी हंडा. नाहीतर माथेरानचा एखादा बंद बंगला, पत्र्यावर माकडं आणि वॉचमनने रंगवून सांगितलेली भुताची गोष्ट. असल्या घरांचे फोटो काढायला लोक वीकेण्डला दोनदोनशे किलोमीटर गाडी हाकतात. माझं रिकामं घर मला लोकलच्या पासात मिळालं. बदलापूरहून फक्त दोन स्टेशनं, उल्हासनगर.

उल्हासनगर म्हटलं की आपल्या डोक्यात ठरलेल्या गोष्टी येतात. स्वस्तात मस्त जीन्स, फर्निचर, दाल-पकवान. आणि तो घिसापिटा जोक, ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’. मी जीन्सच्या धंद्यावर फीचर करायला गेले होते. निघताना एका दुकानदाराकडे त्याच्या कारखान्याचा पत्ता मागितला. त्याने सांगितला तो असा : कॅम्प अमुक, सेक्शन अमुक, बॅरेक नंबर, रूम नंबर.

मी विचारलं, ‘‘बॅरेक? म्हणजे सोल्जर राहतात तसली?’’

‘‘हां मॅडम. आमचं अख्खं गाव मिलिटरीच्या पत्त्यावर आहे,’’ तो म्हणाला. ‘‘जुनी बघायचीय? माझ्या मावशीकडे आहे एक. बंद आहे, पण चावी मिळेल.’’

फीचर गेलं बाजूला!

ही बराक काही पाहताक्षणी प्रेमात पडावी अशी नाही. लांबलचक, बुटकी, उतरत्या छपराची इमारत. तिच्या बऱ्याच खोल्यांवर आता मजले चढलेत, एसी लटकलेत, खाली मोबाईल रिपेअरिंगची दुकानं आलीत. शेवटच्या दोन खोल्या तेवढ्या मूळच्या उरल्या आहेत. एकीत सत्तरी ओलांडलेल्या आंटी राहतात. दुसरी त्यांच्या दिरांची. दीर वारले, मुलं पुण्याला गेली, खोलीला कुलूप लागलं ते सहा वर्षांपूर्वी. आंटींनी कुलपात दोन थेंब खोबरेल तेल सोडलं, खांद्याने दाराला धक्का दिला आणि आम्ही आत गेलो.

आत अंधार आणि उंदरांचा वास. एक मोडका पलंग, देव्हाऱ्यात झुलेलालची फ्रेम, २०१८चं कॅलेंडर. भिंती हाताची वीत मावेल एवढ्या जाड. कोपऱ्यात फरशी उखडली होती, तिथे थर मोजता येत होते. सगळ्यात वर चकचकीत टाइल्स, त्याखाली शहाबादी, त्याखाली खरबरीत कोबा. त्या कोब्यावर कधीतरी मिलिटरीचे बूट वाजले असणार.

या शहराची गोष्ट थोडक्यात अशी. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळ सैन्यासाठी भलामोठा ट्रान्झिट कॅम्प उभारला. दोन हजारांहून जास्त बराकी. सैनिकांनी यायचं, थांबायचं, पुढच्या आघाडीवर जायचं. कुणी कायमचं राहावं म्हणून यातली एक वीटही रचलेली नव्हती. १९४५मध्ये युद्ध संपलं. १९४७मध्ये फाळणी झाली. पंजाब आणि बंगालचे निदान तुकडे झाले, सिंध मात्र सबंधच्या सबंध पाकिस्तानात गेला. जानेवारी १९४८मध्ये कराचीत दंगल उसळली आणि त्यानंतर सिंधी हिंदूंचे लोंढे निघाले. बोटी भरभरून माणसं मुंबईच्या बंदरात उतरली. त्यांना ठेवायचं कुठे? तर रिकाम्या लष्करी छावण्यांत. कोल्हापूरजवळच्या वळिवडे कॅम्पात तर युद्धाच्या काळात पोलंडचे निर्वासित राहून गेले होते, त्यांच्या मागोमाग तिथेही सिंधी आले. कल्याण कॅम्पात सुमारे लाखभर माणसं आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी इथे नव्या शहराची कोनशिला बसवली. जवळच्या उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर.

हे सगळं पुस्तकात मिळतं. पुस्तकात नव्हतं ते छताला होतं.

मोबाईलचा टॉर्च वर मारला, तर लाकडी तुळईवर ओळीने लोखंडी हूक. गंजलेले, पण अंतर एकदम मोजूनमापून. पंख्याला एवढे हूक कशाला?

‘‘पहिले मच्छरदानीचे होते म्हणतात. सोल्जर लोकांचे,’’ आंटी म्हणाल्या. ‘‘नंतर आमचे.’’

‘‘तुमचे कशासाठी?’’

‘‘पडदे, बेटा. तेव्हा ही खोली कुठे होती? इथून तिथपर्यंत एकच हॉल.’’

आंटींचा जन्म याच बराकीतला, १९५१चा. आधीचं सगळं त्यांनी आईकडून ऐकलेलं. हॉलमध्ये दहा कुटुंबं. हुकाला तारा बांधल्या, तारांवर गोणपाट टाकलं, कुणी जुनी चादर, कुणी लग्नातली साडी. दोन गोणपाटांच्या मधली जागा म्हणजे एक घर. ‘‘पलीकडच्या घरात डाळ लागली तर आई इकडून ओरडायची,’’ आंटी हसत सांगत होत्या. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘कुणाचं नवीन लग्न झालं ना, की आजूबाजूचे रात्री बिछाना उचलून मैदानात झोपायला जायचे. कुणाला सांगावं लागायचं नाही.’’

मला आपली ऑफिसं आठवली. क्युबिकलचं पार्टिशन खांद्याएवढंच आहे, प्रायव्हसी नाही, म्हणून आपण कानात इअरफोन खुपसून बसतो. शेजारच्याचं नाव कळायला दोन अप्रेझल जातात. इथे मधल्या गोणपाटातून आरपार दिसायचं आणि तरी लोकांना कधी उठून बाहेर जायचं ते कळायचं!

मी पर्समधली टेप काढली (नव्या फ्लॅटच्या पडद्यांसाठी घेतलेली, कामाला आली ती इथे). एका पडद्याच्या खुणेपासून दुसऱ्या पडद्याच्या खुणेपर्यंत नऊ फूट. बदलापूरची माझी बेडरूम दहा फुटांची आहे आणि ती लहान पडते म्हणून मी दोन महिने कुरकुरतेय. तुलना अर्थात करूच नये. मी बदलापूरला आले ती मुंबईतले रेट परवडेनात म्हणून, हातात होम लोनचं सँक्शन लेटर घेऊन. आंटींची आई आली ती दार लोटून घेऊन. पण कुणीतरी सोडलेल्या, नाहीतर कुणाला नको असलेल्या जागेत जाऊन ‘हे आमचं घर’ म्हणायला काय लागतं, ते त्या नऊ फुटांत दिसत होतं.

गोणपाटाच्या जागी पुढे फळ्या आल्या, फळ्यांच्या जागी विटा. निर्वासितांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९५४मध्ये झाला. सिंधमध्ये सोडून आलेल्या मालमत्तेचा क्लेम मंजूर झाला की तो इथल्या सरकारी जागेच्या किमतीत वळता करता यायचा. आंटींच्या वडिलांनी तिकडच्या दुकानाच्या बदल्यात ही खोली पदरात पाडून घेतली. तो कागद आंटींनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून काढून दाखवला. लांबी, रुंदी, बॅरेक नंबर, शिक्का. गोणपाटाचा उल्लेख अर्थातच नाही.

मी भारावून म्हणाले, ‘‘आंटी, हे जपायला पाहिजे. हेरिटेज आहे हे!’’

‘‘तू राहणार का इथे?’’ त्यांनी शांतपणे विचारलं.

तुळईला वाळवी लागलीय, जुलैत भांडी मांडून झोपावं लागतं. ही बराक पाडून इथे सात मजली इमारत व्हायची बोलणी चाललीत. बाकीचे सगळे सही करायला तयार. अडून बसल्यात त्या आंटी. जुन्याच्या मायेपोटी असेल, असं मला वाटलं होतं. कारण निघालं वेगळंच. मे २०२१मध्ये पंधरवड्याच्या आत उल्हासनगरातल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं दगावली. दोन्ही इमारती नव्वदच्या दशकातल्या, म्हणजे या बराकीपेक्षा पन्नास वर्षांनी तरुण. ‘‘वरचा स्लॅब खालच्यावर, खालचा त्याच्या खालच्यावर. तुम्ही लोकांनी टीव्हीवर बघितलं. आम्ही चपला घालून पळालो होतो बघायला,’’ आंटी म्हणाल्या. ‘‘माझे आईबाप गोणपाटाच्या भिंतीत वाचले. माझी नातवंडं सिमेंटच्या छताखाली नको जायला.’’

म्हणून त्यांनी बिल्डरपुढे अटी ठेवल्यात, वहीत नंबर घालून. एक, कॉलमला लोखंड किती एमएमचं ते लेखी पाहिजे. दोन, ड्रॉइंगवर सही करणारा इंजिनीअर इथे येऊन बसला पाहिजे, चहा आम्ही देऊ. तीन, बांधकाम चालू असताना वाळू आणि सिमेंट तपासायला आमचा माणूस. शेजारी चिडलेत, ‘म्हातारीमुळे भाडं सुरू होत नाही’ म्हणतात. मुलगा रोज समजावतो, मम्मी, सगळे सही करतायत. आंटी वही मिटून घेतात.

अमृतसरला २०१७पासून फाळणीचं म्युझियम आहे. तिथे जरूर जा. पण त्याआधी एखाद्या रविवारी उल्हासनगरला उतरा, दाल-पकवान खा आणि पत्त्यात बॅरेक नंबर असलेल्या एखाद्या घरात ओळख काढून जा. पडद्यांच्या गोष्टी ज्यांनी आईकडून ऐकल्या, त्या मुलीच आता सत्तरीच्या पुढे गेल्यात. इमारत पडायची ती पडेल, निदान हूक कशाचे होते ते लिहून ठेवा.

निघताना मी आंटींना विचारलं, या तीन झाल्या, चौथी अट आहे का? होती. नव्या इमारतीचं नाव बिल्डरने ठरवून टाकलंय, इंग्रजी, शेवटी ‘हाइट्स’. आंटींना नावाशी देणंघेणं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की गेटवरच्या पाटीत त्या नावाखाली बॅरेक नंबर राहिला पाहिजे. बिल्डरने ही एक अट लगेच मान्य केली. पहिल्या तीनवर बोलणी अजून चालू आहेत.