१४ गोल, १५ सुरकुतलेले

नववीला मेंडेल शिकवताना फळ्यावर ३:१ लिहिण्याआधी मी दुसरेच आकडे लिहिते. ४३ आणि २. त्याखाली १४ आणि १५. हे मेंडेलचेच आकडे आहेत. वाटाण्याच्या एका झाडाला ४३ गोल दाणे आणि फक्त २ सुरकुतलेले, तर दुसऱ्याला १४ गोल, १५ सुरकुतलेले. मुलं लगेच म्हणतात, "बाई, प्रयोग चुकला."

उत्तर आधी ठरलेलं असतं आणि रीडिंग त्याला जुळवून घ्यायचं असतं, हे त्यांना शाळेनेच शिकवलंय. जर्नल तपासायला घेतलं की कळतं. सगळ्यांच्या वहीत एकच आकडा, तोही अगदी नेमका.

शाळेत येण्याआधी मी फळमाश्यांवर संशोधन करत होते. मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्टचा वास मारणाऱ्या बाटल्या, बेशुद्ध केलेल्या माश्या, आणि सूक्ष्मदर्शीखाली बारीक ब्रशने एकेक सरकवत केलेली मोजदाद. लाल डोळ्यांच्या इकडे, पांढऱ्या डोळ्यांच्या तिकडे. एकाच बाटलीपुरता आकडा क्वचितच मनासारखा यायचा. तरी तो जसा आला तसाच उतरवायचा, ही तिथली पहिली शिस्त.

मेंडेलही शिक्षक होता. ब्र्नोच्या शाळेत त्याने कितीतरी वर्षं भौतिकशास्त्र आणि निसर्गविज्ञान शिकवलं, पण शिक्षकपदाची परीक्षा काही तो उत्तीर्ण झाला नाही. एकट्यादुकट्या झाडावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. २५३ झाडांचे ७,३२४ दाणे त्याने मोजले. त्यांत ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. भागाकार येतो २.९६. आणि १८६६ साली निबंध छापला तेव्हा ते अडनिडे १४ आणि १५ सुद्धा त्याने त्यात ठेवले. तरीही १९३६ साली फिशर या संख्याशास्त्रज्ञाने शंका काढलीच, की मेंडेलचे एकूण आकडे जरा जास्तच जुळतात. हा वादही मी वर्गात सांगते. आकडे फार जुळले म्हणून कोणी प्रश्न विचारतं, हे मुलांना पटकन खरं वाटत नाही.

मग मण्यांच्या पिशव्या निघतात. दोन पिशव्या, दोन्हींत लाल-पांढरे मणी निम्मे-निम्मे. दोन्हींतून एकेक मणी काढायचा, जोडी लिहायची, मणी परत टाकायचे. १६ खेपांत एखाद्या गटाला ७ पांढऱ्या जोड्या मिळतात, एखाद्याला जेमतेम १. फळ्यावर गटागटाची बेरीज चढत जाते तसं प्रमाण हळूहळू पावाकडे सरकतं, आणि ७ वाला गट खोडरबर खाली ठेवतो.

प्रात्यक्षिक परीक्षेत त्या ७ ला पूर्ण गुण मिळायला हवेत. आणि सगळ्या वर्गाच्या वह्यांत ४ च आले, तर परीक्षकाने ते कसे आले हे विचारायला हवं.