घाटातले नाव आणि बाटलीतले औषध

खंडाळ्याच्या घाटात १८३० साली बांधलेला एक पूल होता. तो कुणी बांधला हे फारसे कुणाला आठवत नाही. लोकांनी त्याला ओळखले ते तेथील जाहिरातीवरून, ‘अमृतांजन पूल’ म्हणून. एप्रिल २०२० मध्ये तो पाडला गेला, तरी आम्हा मावळकरांच्या तोंडी ते नाव आहेच.

अमृतांजन १८९३ साली मुंबईत निघाले. तो व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीचा, विलायती ‘पेटंट’ औषधांचा काळ. बाटलीत काय आहे, हे बहुधा गुपितच असे. डॉ. कॉलिस ब्राऊन यांच्या पटकीवरील ‘क्लोरोडाइन’मध्ये अफूचा अर्क, गांजा आणि क्लोरोफॉर्म होते. विख्यात ‘बीचम’च्या गोळ्यांचे पृथक्करण ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ साली छापले, तेव्हा निघाले काय, तर काळा बोळ, सुंठ आणि साबण! पहिल्या दोन वस्तू आमच्या आजीच्या बटव्यातही होत्या. अर्थात आपणही निर्दोष नव्हतो. मोलमजुरीला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाला निजवण्यासाठी जी बाळगोळी देत, तिच्यात अफूच असे.

हे सारे इतिहासजमा झाले असे मी समजत होते. गेल्या पावसाळ्यात लोहगडवाडीत एक फिरता विक्रेता आला आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या माझ्या सासूबाईंनी गुडघ्यांसाठी त्याच्याकडून चूर्ण घेतले. डबीवर ना घटक, ना पत्ता. चार दिवसांत त्या काठीवाचून अंगणात आल्या. “हाताला गुण आहे हो त्याच्या,” म्हणाल्या. महिन्याभरात मात्र त्यांचा चेहरा सुजला, रक्तातील साखर वाढली.

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी ती डबीच मागितली. अशा निनावी चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते आणि त्यानेच इतका झटपट आराम पडतो, असे त्यांनी सांगितले. मी चूर्ण त्याच दिवशी फेकून देणार होते, त्यांनी थांबवले. स्टेरॉइड एकाएकी तोडल्यास रक्तदाब घसरून वृद्धांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून त्यांनी मोजक्या मात्रेची गोळी सुरू केली आणि ती आठवड्या-आठवड्याने उतरवत नेली. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांनी एवढे अवश्य ध्यानी ठेवावे.

गुडघे पुन्हा दुखतात. शेक आणि खुर्चीत बसून करायचा व्यायाम चालू आहे. बीचमची हकिगत मी सासूबाईंना सांगितली होती. आता कोणतीही नवी बाटली घरात आली, की त्या आधी विचारतात, “वाचलंस का गं? साबण नाही ना त्यात?”