पहिल्या कॅसेटचा पत्ता

स्वतःच्या पैशांनी घेतलेली पहिली रेकॉर्ड किंवा कॅसेट कोणती, असं कुणालाही विचारा. नुसतं नाव सांगून सहसा कुणी थांबत नाही. दुकान कुठल्या चौकात होतं, पैसे कसे साठवले, घरी टेपरेकॉर्डर होता की शेजाऱ्यांकडे जावं लागलं, हे सगळं ओघानं येतं, आणि पुष्कळदा गाण्याच्याही आधी येतं. अशा आठवणींना आपण हळवेपणाच्या खात्यात टाकतो. माझ्या मते तिथे त्यांची जागा चुकते. पहिल्या खरेदीची आठवण हा आपल्या समाजाच्या श्रवणाच्या इतिहासातला एक कच्चा पण मोलाचा पुरावा आहे. गाणं कुणी गायलं आणि कुठल्या कंपनीनं काढलं याची नोंद आपल्याकडे बऱ्यापैकी आहे. ते कुणी, कुठे आणि काय बाजूला ठेवून विकत घेतलं, याची नोंद घेणाऱ्याच्या डोक्यातच असते. हा विचार जागांवर तपासून पाहायचा म्हणून मी मुंबईतला काळा घोडा, पुणे, पंढरपूर आणि मिरज असा रस्ता धरला.

सुरुवात काळा घोड्याला करण्याचं कारण उघड आहे. जहांगीर आर्ट गॅलरीच्या शेजारात कोपऱ्यावर रिदम हाउस होतं. 2016 मध्ये ते बंद झालं. मुंबईतल्या कित्येक पिढ्यांची पहिली रेकॉर्ड, कॅसेट किंवा सीडी इथून घरी गेली. गिऱ्हाइकाला घेण्याआधी ऐकता यावं म्हणून इथे छोट्या खोल्या होत्या, आणि मला या दुकानातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच वाटते. रेकॉर्ड महाग होती, एक घेतली की दुसरी राहणार हे ठरलेलं होतं, म्हणून ऐकणाऱ्याला घुटमळायला जागा लागत होती. गायक आवडतो, पण दुसऱ्या बाजूची गाणी ओळखीची नाहीत. एक गाणं हवंय, पण पैसे सगळ्यांचे मोजायचे आहेत. या घुटमळण्यातून आवड घडत होती. आज त्या कोपऱ्यावर उभं राहिलं की पदपथावरची गर्दी तीच दिसते. जवळजवळ प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये त्या दुकानात मावली नसती एवढी गाणी आहेत, आणि त्यातलं कुठलंही मिळवायला कुठे जावं लागत नाही.

तिथून चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर गेलं की हाच पुरावा हातात धरता येतो. जुन्या 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डी इथे चळतींनी रचलेल्या असतात. एखादी उचलली की आधी वजन जाणवतं. ती प्लॅस्टिकची नसते, लाखेची असते. लाखेचे किडे छोटा नागपूरच्या जंगलात झाडांवर वाढायचे, त्या लाखेपासून शेलॅक व्हायचं आणि जगभरातल्या रेकॉर्डींत जायचं. मधोमध भोंग्यासमोर बसलेला कुत्रा, त्याखाली गाणाऱ्याचं नाव, रागाचं नाव, क्रमांक. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. नोव्हेंबर 1902 मध्ये फ्रेड गाइसबर्ग यांनी कलकत्त्याला गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा रेकॉर्ड छापायची सोय भारतात नव्हती. मूळ तबकड्या जर्मनीत हानोव्हरला जायच्या. तिथल्या कामगारांना कोणाचा आवाज कोणता हे कळावं म्हणून गाणं संपल्यावर गायिका आपलं नाव उच्चारून सांगायची. 1908 मध्ये सियालदहला कारखाना निघाल्यावर छपाई इथेच होऊ लागली. गाणाऱ्यानं नाव सांगायची ही पद्धत इतिहासात नोंदली गेली. पण याच चळतीतल्या कागदी पाकिटांवर दुसरीही नावं असतात, शाईनं लिहिलेली. विकत घेणाऱ्याचं नाव, गावाचं नाव, क्वचित तारीख. त्यांचा क्रमांक कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही. गाणाऱ्या बाईनं आपलं नाव तबकडीत कोरून ठेवलं आणि ऐकणाऱ्या माणसानं ते पाकिटावर लिहून ठेवलं. यातलं पहिलं आपण जपलं, दुसरं रद्दीच्या भावात गेलं.

पुण्याला जाणाऱ्या गाडीत याच्यावर येणारा पहिला आक्षेप विचारात घेतला. रेकॉर्ड घेणारे होते किती? ग्रामोफोन ही पैसेवाल्यांची, फार तर सुस्थितीतल्या पांढरपेशांची वस्तू होती. मग त्यांच्या आठवणींना समाजाचा पुरावा कसं म्हणायचं? रेकॉर्डच्या काळापुरता हा आक्षेप बराचसा खरा आहे. गावात एखाद्याच्या ओसरीवर ग्रामोफोन असायचा, बाकीचे अंगणात बसून ऐकायचे. चित्र बदललं ते कॅसेटनं. फिलिप्सनं 1963 मध्ये आणलेली ही डबी भारतात घरोघरी पोचली ती साधारण 1980 च्या दशकात. 60 मिनिटांच्या कॅसेटमध्ये चार मिलिमीटरहूनही कमी रुंदीची, सुमारे 90 मीटर लांबीची फीत गुंडाळलेली असते. ती छापायला मोठा कारखाना लागत नव्हता, खेळवायला नाजूक सुई लागत नव्हती, पडली तरी फुटत नव्हती. गुलशनकुमार यांची टी-सीरिज, मुंबईतली व्हीनस अशा कंपन्या उतरल्या आणि एचएमव्हीची अनेक दशकांची मक्तेदारी मोडली. कॅसेट पानाच्या टपरीवर आणि जत्रेतल्या पालातही मिळू लागली. पुण्यासारख्या शहरात याच तंत्रानं दुसरीही वाट मोकळी केली. अलूरकर म्युझिक हाउससारख्या संस्थेनं शास्त्रीय गायकांच्या कॅसेट काढल्या, आणि तीन मिनिटांत कोंबलेल्या रागाला अर्ध्या तासाची ऐसपैस बाजू मिळाली.

पुण्यातच नव्हे, महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी त्या काळी आणखी एक दुकान असायचं, जिथे कॅसेट भरून मिळायची. कोरी कॅसेट आणि वहीच्या पानावर लिहिलेली गाण्यांची यादी द्यायची, दोन-चार दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन यायची. पुष्कळांनी पैसे देऊन घेतलेलं पहिलं संगीत हेच. याला अल्बम म्हणायचं का, असं कुणी विचारेल. कायद्याच्या दृष्टीनं हा व्यवहार बेकायदा होता, आणि गायक, संगीतकार, गीतकार यांचा हक्काचा पैसा त्यात बुडाला, हे मान्य करायलाच हवं. पण पुरावा म्हणून ती यादी कंपनीच्या कॅसेटपेक्षाही बोलकी आहे. कंपनीच्या कॅसेटवरचा क्रम कंपनीनं ठरवलेला असे. इथे एका बाजूला लता, मध्येच एखादी लावणी, दुसऱ्या बाजूला अभंग, शेवटी उरलेल्या दोन मिनिटांत बसेल असं काहीतरी, हा क्रम ऐकणाऱ्याचा स्वतःचा होता. एका घरात काय काय एकत्र नांदत होतं ते त्यातून कळतं.

आक्षेपाचं खरं उत्तर मात्र पंढरपूरला मिळतं. कुर्डुवाडीहून निघालेली गाडी एकेकाळच्या बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गानं जाते. तेव्हा ती अरुंद रुळांवरून धावायची, आता मार्ग रुंद झाला आहे. देवळाभोवतीच्या गल्ल्यांत तुळशीच्या माळा, बुक्का, चुरमुरे, तसबिरी यांच्या दुकानांच्या रांगेतच भक्तिगीतांची दुकानं आली. आधी कॅसेट होत्या, मग सीडी, आता गाणी भरलेली मेमरी कार्डं आणि पेन ड्राइव्ह. वारीहून परतताना प्रसादाबरोबर घरी गेलेली विठ्ठलाच्या गाण्यांची कॅसेट ही अनेक शेतकरी कुटुंबांची पहिली खरेदी. त्यातला आवाज पुष्कळदा प्रल्हाद शिंदे यांचा. शिंदे 2004 मध्ये गेले. त्यांनी विठ्ठलाची गाणी गायली तशीच बाबासाहेबांची गाणीही गायली. 6 डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी भीमगीतांचे स्टॉल लागत आले आहेत, आणि तिथून निघालेली कॅसेट वस्तीत मोठ्या आवाजात वाजली आहे. एकच गायक पंढरीहून एका घरी गेला आणि चैत्यभूमीहून दुसऱ्या घरी. कंपनीच्या हिशेबात या दोन्ही प्रतींची विक्री एकाच आकड्यात जमा होते. कोणत्या वाटेनं कोणता आवाज कोणाच्या घरात शिरला, हे समजायचं असेल तर विकत घेणाऱ्यालाच विचारावं लागेल. पहिल्या कॅसेटची आठवण ही फक्त मध्यमवर्गाची मिरास आहे, हा समज या दोन ठिकाणी पुरता ढासळतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो आजच्या बाजूनं येतो. पूर्वीची निवड ही निवड होती तरी कुठे? कंपनीनं काढलं आणि दुकानदारानं मागवलं तेवढंच लोकांनी घेतलं. आज पंधरा वर्षांच्या मुलीला फोनवर गौहर जानही ऐकता येते आणि कोरियातला नवा गटही. टंचाईचं कौतुक कशाला? हे म्हणणं मला बव्हंशी पटतं. दुर्मीळ ध्वनिमुद्रणं आज सहज ऐकता येतात, हे मोठं सुख आहे आणि ते परत देऊन टाकावं असं मला मुळीच वाटत नाही. माझा मुद्दा टंचाई चांगली होती असा नाही. टंचाईमुळे प्रत्येक निवडीला परिणाम होता, एवढाच आहे. घेतलेली कॅसेट आवडली नाही तरी तीच ऐकावी लागे, आणि दहाव्यांदा ऐकताना नावडतं गाणं उलगडायचं. दुसरी बाजू लावायला उठून कॅसेट उलटावी लागे, म्हणून गाण्यांचा क्रम अंगात मुरायचा. मिळण्याची सोय आणि निवडीचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वाढली म्हणून दुसरी आपोआप टिकत नाही. पूर्वीच्या एचएमव्हीनं, म्हणजे आजच्या सारेगामानं, 2017 मध्ये कारवां नावाचा जुन्या रेडिओसारखा दिसणारा संच आणला, त्यात 5,000 हिंदी गाणी आधीच भरलेली होती. तो भरपूर खपला. एवढ्या मोकळ्या काळात लोकांनी पैसे देऊन आखून दिलेली मर्यादा विकत घेतली. पण भरलेली गाणी सगळ्या घरांत सारखीच, त्यामुळे या संचावरून कंपनीचा संग्रह कळतो, घर कळत नाही.

मिरजेला पोचल्यावर तिसरा आक्षेप समोर येतो, स्मृतीच्या भरवशाचा. माणसं आठवणी सजवतात. दुसरी किंवा पाचवी कॅसेट अधिक शोभणारी असेल तर तीच पहिली म्हणून सांगतात. मिरज हे गाव या प्रश्नासाठी नेमकं आहे. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात दरवर्षी संगीतसभा होते. खाँसाहेब 1937 मध्ये गेले. त्यांचा आवाज उरला तो तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांत. गदगला लहानपणी दुकानात वाजणारी त्यांची रेकॉर्ड ऐकून भीमसेन जोशी गाण्याच्या शोधात घराबाहेर पडले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ती सांगताना तपशील थोडेफार बदलतात, तरी एक गोष्ट प्रत्येक कथनात टिकून राहते: आवाज दुकानातून आला होता. माझ्या दृष्टीनं स्मृतीचा पुरावा असा तपासायचा असतो. तारीख चुकेल, क्रम चुकेल, पण ज्या व्यवस्थेतून गाणं कानावर आलं ती सहसा चुकत नाही. कारण दुकान, यंत्र, परवानगी आणि पैसे यांच्याशिवाय ते गाणं पोचलंच नसतं. एका माणसाची आठवण डळमळीत असेल. एकाच गावातल्या पन्नास माणसांच्या आठवणी एकमेकींना दुरुस्त करतात. पाकिटावरचं नाव आणि कॅसेटच्या आतला कागद हे साक्षीदारही असतातच.

दर्ग्यापासून सतारमेकरांची गल्ली जवळच आहे. भोपळ्यांचे ढीग, लाकडाचा भुसा, अर्धवट तयार झालेले तंबोरे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्य घडवण्याला गाव असतं, माती असते, पिढ्या असतात, हे सरकारदरबारी मान्य झालं, याचा मनापासून आनंद आहे. ऐकण्यालाही तसंच गाव असतं, एवढंच माझं सांगणं आहे. काळा घोड्याची ऐकण्याची खोली, तालुक्यातलं कॅसेट भरून देणारं दुकान, पंढरपुरातली गल्ली, चैत्यभूमीवरचा स्टॉल, गदगमधलं ते दुकान, ही सगळी आपल्या संगीताच्या नकाशावरची ठिकाणं आहेत. यातली बहुतेक बंद झाली आहेत आणि त्यांचे मालक व गिऱ्हाइकं आज उतारवयात आहेत. 1990 मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली, तेव्हापासून संग्राहकांनी तबकड्यांच्या नोंदी निष्ठेनं केल्या आहेत. श्रोत्यांच्या नोंदी करणं हे काम एखाद्या संस्थेच्या आवाक्यातलं नाही, कारण तो ऐवज घराघरांत विखुरलेला आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. माळ्यावरची कॅसेटची पेटी भंगारात देण्याआधी उघडा. फितीवरचा चुंबकीय थर वर्षागणिक झिजतो, दमट हवेत बुरशी धरते, तेव्हा घरगुती ध्वनिमुद्रण असेल तर त्याची डिजिटल प्रत आत्ताच करून घ्या. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहून ठेवा: पहिली रेकॉर्ड किंवा कॅसेट कोणती, कुठल्या गावी, कुठल्या दुकानातून, साधारण कोणत्या साली, कितीला, आणि ती वाजली कुणाच्या यंत्रावर. कागद त्याच डबीत घालून ठेवा. कंपनीकडे गाण्याची मूळ प्रत आहे. ही माहिती फक्त तुमच्याकडे आहे.