कॅमेरा चांगला आहे, असं अम्मी म्हणते

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला एकच प्रश्न विचारला : कॅमेऱ्यासाठी म्हणून नोकिया घ्यायचा का? फेब्रुवारी २०१२ मध्ये बार्सिलोनाला ८०८ प्युअरव्ह्यू दाखवला गेला, ४१ मेगापिक्सेलचा. तेव्हापासून गल्लीतल्या रिचार्जवाल्यापासून शाळेतल्या सहकाऱ्यांपर्यंत सगळे मेगापिक्सेल मोजायला लागलेत. माझ्याकडे त्याचा थोरला भाऊ आहे, एन ८. दीड वर्ष वापरतोय. ८०८ मी हातात घेतलेला नाही, त्यामुळे सांगेन ते एन ८ बद्दलच.

आधी मेगापिक्सेलचं. एन ८ मध्ये ते १२ आहेत, पण त्यात काही राम नाही. भाऊबंदकीत शेताचे बारा वाटे पडले म्हणून पीक वाढत नाही. शेत मुळात किती मोठं, त्याला महत्त्व. कॅमेऱ्यात हे शेत म्हणजे सेन्सर. एन ८ चा सेन्सर १/१.८३ इंची आहे, खिशात मावणाऱ्या पुष्कळ डिजिटल कॅमेऱ्यांपेक्षा मोठा. त्याच्यावर कार्ल झाइसची २८ मिलिमीटरची रुंद लेन्स. म्हणून तर पाठीवर ते टेंगूळ आहे. दादीनं पहिल्यांदा हातात घेऊन विचारलं होतं, "इत्ता फुगेला क्या है रे पीछे?"

एक गंमत पुष्कळांना माहीत नसते. फोन हातात आला की तो आडव्या, पसरट आकारात फोटो काढतो आणि तेव्हा मिळतात ९ च मेगापिक्सेल. पूर्ण १२ हवे असतील तर सेटिंगमध्ये जाऊन ४:३ करावं लागतं.

वाईट काय, तेही सांगतो. सिम्बियन म्हातारं झालंय. इंटरनेट उघडायला लागलं की चहा होऊन येतो. मी फोन घेतला आणि महिन्याभरात, फेब्रुवारी २०११ मध्ये, कंपनीनं जाहीर केलं की यापुढे स्मार्टफोनसाठी विंडोज. बॅटरी १२०० एमएएचची आणि स्क्रूनं आत बंद. संपली तर दुसरी टाकता येत नाही. आणि भारनियमनाच्या दिवसांत याचा टॉर्च म्हणून उपयोग शून्य. दादीच्या ११०० ला टॉर्च आहे, माझ्या एवढ्या महागाच्या फोनला नाही.

टॉर्च नाही याचं कारण फ्लॅश झेनॉनचा आहे, एलईडीचा नाही. एलईडी मिणमिणत का होईना, जळत राहतो. झेनॉन आत वीज साठवतो आणि एका क्षणात सगळी ओतून मोकळा होतो, मग पुन्हा भरायला थोडा वेळ घेतो. पण त्या क्षणात हलणारा माणूसही जागच्या जागी थिजतो. अंधारात, हलत्या माणसांचा फोटो काढायचा तर यासारखं दुसरं काही नाही. मला नेमकं तेच हवं होतं, कारण मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न होतं आणि हळदीची रात्र होती.

मुस्लिमेतर वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. फोटोबद्दल उलेमांत मतभेद आहेत आणि प्रत्येक घराचा रिवाज वेगळा. आमच्या घरी भिंतीवर फोटो लागत नाही. दादांचा एकच फोटो आहे, हजच्या कागदांसाठी काढलेला. पुरुषांच्या मांडवात फोटोग्राफर चालतो. निकाहनाम्यावर सही, खजूर वाटणं, गळाभेटी, सगळं अल्बममध्ये असतं. बायकांच्या बाजूला परका माणूस जात नाही. त्यामुळे आमच्याकडचे लग्नाचे अल्बम चाळले तर वाटावं, या घरात बायका नव्हत्याच. अम्मीच्या लग्नाचे दोन फोटो आहेत आणि दोन्हींत ती घुंगटाखाली आहे. तिच्याच लग्नात ती कशी दिसत होती, हे तिनंही पाहिलेलं नाही.

म्हणून ठरलं की फोन आत जाईल, मी नाही. खालाची मुलगी बारावीत होती, तिला मी तासभर शिकवलं : बटण आधी अर्धं दाबायचं, चौकट हिरवी झाली की पूर्ण. माणूस दोन-तीन हातांवर हवा, फार लांब उजेड पोचत नाही. एका फोटोनंतर जरा दम धर. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "भाईजान, फोटो फोनमध्ये राहतात की कार्डात?" मी सेटिंग बदलून कार्डात केलं. फोन मध्यरात्री परत आला तेव्हा बॅटरीची शेवटची रेघ उरली होती आणि कार्डाचा खण रिकामा होता.

तर माझ्या फोननं काढलेले सर्वांत चांगले १४० फोटो मी पाहिलेले नाहीत, आणि मला लोक परीक्षण विचारतात! दुसऱ्या दिवशी पुरुषमंडळींना घराबाहेर काढून बायकांनी ते टीव्हीवर पाहिले. याला एचडीएमआय आहे, पण तसला टीव्ही आमच्या मोहल्ल्यात कुणाकडे? मी वेगळी विकत आणलेली पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची केबल कामाला आली. आतून हसण्याचा आवाज ओसरीपर्यंत येत होता. नंतर अम्मी एवढंच म्हणाली, "मेहंदीची एकेक रेघ दिसते. आणि मी जाड झालेय." दादीला स्वतःचा फोटो तीनदा पाहायचा होता, असंही कळलं.

छापायचे कुठे? स्टुडिओत द्यायचे तर तिथला पोरगा बघणार. मग बहीण ते कार्ड चांदीच्या सुरमेदाणीत ठेवून सासरी घेऊन गेली. नखाएवढं कार्ड. या फोनला छोटी वायर जोडून थेट पेन ड्राइव्ह लावता येतो, संगणकाची गरज नाही, आणि ती वायर खोक्यातच येते. हे मी दोनदा सांगितलं. पण लग्नघरात कोण ऐकतो!

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. कार्ड लावलं की 'फॉरमॅट करायचं का?' एवढंच विचारतं. ती रडत नव्हती, पण आवाज बसलेला होता. दुकानात फोटो परत मिळवून देतात, पण तिथे प्रत्येक फोटो पडद्यावर येतो. मी केलं तरी तेच. मग एका रविवारी जुना लॅपटॉप घेऊन तिच्या घरी गेलो. फोटो परत काढणारा एक मोफत प्रोग्रॅम त्यात टाकून नेला होता. लॅपटॉप आतल्या खोलीत, मी ओसरीवर, मध्ये पडदा.

"आता काय लिहून आलं?"

"स्कॅन."

"दाब. आता?"

"निळी पट्टी सरकतेय."

पट्टी दोन तास सरकली. जावयानं मला दोनदा चहा पाजला आणि पावसाबद्दल बोलत राहिला. त्यानंही ते फोटो पाहिलेले नव्हते, आपली बायको सोडून बाकीच्यांचे पाहायचा त्याला हक्कही नव्हता. मग आतून बहिणीनं आकडा सांगितला : ९७. काही अर्धे करडे आले होते. दादीचे तिन्ही आले. अम्मीचा, हसतानाचा, तो एक नाही आला.

घ्यायचा असेल तर घ्या. इंटरनेट लागत असेल तर दुसरा बघा. घ्याल तेव्हा खोक्यात ती पेन ड्राइव्हची वायर आहे ना, हे दुकानातच उघडून पाहा. आमच्याकडे आता ९७ फोटो दोन पेन ड्राइव्हवर आहेत. एक बहिणीकडे, दुसरा अम्मीच्या कपाटात. त्या कपाटाची किल्ली मला कधीच मिळालेली नाही.