चोवीस मेगापिक्सेलचं वऱ्हाड

एक्स्पोर्ट दर वेळी एकाच जागी अडत असेल तर दोष फाइलचा, आणि दर वेळी वेगळ्या जागी अडत असेल तर मेमरीचा. माझ्याकडे येणाऱ्या कुठल्याही पोराला हे पहिल्या आठवड्यातच पाठ होतं. पंचाईत त्याच्या पुढे आहे. मेमरी कमी पडतेय की खराब झालीय, हे ओळखायचं कसं? लक्षणं तीच. प्रीव्ह्यू अडखळतो, माउस जड होतो, मग सॉफ्टवेअर प्रोजेक्ट सेव्ह करून घ्या म्हणतं किंवा काही न बोलता बंद पडतं.

मी सांगलीत लग्नाच्या फिल्मा एडिट करतो. या धंद्यात मेमरी खाणारं पहिलं माणूस म्हणजे फोटोग्राफर. त्याचा ६००० बाय ४००० चा फोटो डिस्कवर आठ-दहा एमबीचा, गरीब दिसतो. टाइमलाइनवर उलगडला की २ कोटी ४० लाख पिक्सेल, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे ९६ एमबी. फुल एचडीची अख्खी फ्रेम सव्वाआठ एमबीची असताना तिच्यात बसायला आलेला हा पाहुणा साडेअकरा पट! रंगाचं काम ३२ बिट फ्लोटमध्ये चाललं असेल तर याच्या चौपट. हळदीच्या गाण्यावर असे चाळीस फोटो लावले की जवळपास पावणेचार जीबी नुसते फोटोच बसून खातात. म्हणून मी फोटो आधी ३८४० पिक्सेल रुंदीवर आणतो. मामाच्या चेहऱ्यावर झूम मारायचा असला तरी तेवढे पुरतात.

गेल्या हंगामात शिकायला आलेल्या मुलीने हे पाहून विचारलं, “सर, फोटो बारीक करत बसण्यापेक्षा रॅम वाढवू या की.”

मला राग आला. का आला ते सांगायचं तर मागे जावं लागेल. ३२ बिटच्या काळात रॅम वाढवून काही मिळतच नव्हतं. चार जीबी लावली तरी विंडोज तीन-सव्वातीन दाखवायचं, आणि एका प्रोग्रॅमला त्यातले सहसा दोनच. प्रीमियर २०१० साली सीएस५ बरोबर ६४ बिटवर गेलं. आमच्यासारख्या लग्नवाल्यांचं लाडकं एडियस २०१३ साली, सातव्या आवृत्तीत. तोवर दोन जीबीत अडीच तासांचं लग्न बसवणं हीच विद्या होती, आणि ती मला येत होती. मे महिन्यात रात्री दुसऱ्या स्टुडिओवाल्यांचे फोन यायचे. खिशात रॅमची एक जादा स्टिक आणि खोडरबर घालून मी जायचो, कॅबिनेट उघडून स्टिकचे सोनेरी दात खोडरबराने घासायचो आणि मशीन उठायचं. तेव्हा लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघायचे, ती नजर मला फार आवडायची. अजूनही आवडते. ६४ जीबीच्या मशीनला माझी गरज काय?

तर मेमरी कमी की खराब, या प्रश्नाचा किस्सा गेल्या हंगामातलाच. तेव्हाच्या मशीनमध्ये आठ-आठ जीबीच्या चार स्टिक होत्या, दोन आधीच्या, दोन नंतर दुसऱ्या लॉटमधल्या. सप्तपदी, अक्षता, जेवणावळ सगळं निघायचं, आणि अल्बमच्या गाण्यावर पडायचं, तेही दर वेळी निराळ्या फ्रेमवर. फोटो बारीक केले, फिल्म निघाली. उपाय लागू पडला की निदान बरोबर, असं कोणीही म्हणेल. पण पुढच्या आठवड्यात चार कॅमेऱ्यांचं फोरके मल्टीकॅम आलं, त्यात फोटो एकही नाही, आणि तेही पडलं. फोटो बारीक झाल्याने मेमरी फक्त कमी भरत होती. ती जितकी जास्त वापरात येते तितकी सडक्या जागेशी गाठ पडण्याची शक्यता वाढते, एवढंच. माझ्या औषधाने रोग बरा होत नव्हता, झाकला जात होता.

मेमरी तपासणारं मेमटेस्ट मी रात्री लावून घरी गेलो. सकाळी पाहतो तर सगळं हिरवं. पुन्हा लावलं, पुन्हा हिरवं. या कोड्याने मला जेवण गोड लागेना. ती मुलगी म्हणाली, “सर, एक्स्पोर्ट दुपारी पडतो आणि टेस्ट आपण रात्री करतोय.” आमच्या स्टुडिओवर पत्रा आहे. तिने भर दुपारी, कॅबिनेटचं झाकण लावून, एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये घालून टेस्ट चालवली. तिसरी स्टिक लाल झाली. डीरॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कॅपॅसिटर. त्याचा भार गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांना तो नव्याने भरला जातो. उष्णता वाढली की गळती वाढते, आणि कमजोर बिट पुढच्या भरणीपर्यंत तग धरत नाही. मला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असूनही घड्याळाकडे बघायचं सुचलं ते तिला. आमच्या धंद्याच्या संघटनेच्या बैठकीत हा किस्सा मी दोनदा सांगितलाय, “आम्ही शोधून काढलं” असा. त्यातला आम्ही अर्थातच मी.

या विषयावर अडाणीपणा मात्र भरपूर विकला जातो. कोणी येतं आणि आधी फॉरमॅट मारतं. कोणी रॅम साफ करणारं फुकट सॉफ्टवेअर टाकून देतं. ते चालू कामाची पानं मेमरीतून हुसकून देतं आणि मोकळ्या जीबीचा आकडा फुगवून दाखवतं. मग तीच पानं मशीनला परत आणावी लागतात. सगळ्यात हुशार ते, जे एसएसडी झिजेल म्हणून रॅमला हातभार लावणारी डिस्कवरची पेजफाइलच बंद करतात. विंडोज मेमरी कबूल करतं ती रॅम आणि पेजफाइल यांच्या बेरजेइतकी. पेजफाइल काढली की थोडी रॅम मोकळी दिसत असतानाही नकार येऊ शकतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, रॅम तर आहे की! मॅकवाल्यांबद्दल मी काही बोलू नये. २०२० च्या एम१ पासून त्यांची मेमरी चिपच्याच अंगाला चिकटलेली, स्टिक नाही, स्लॉट नाही. आठ जीबीवर चाललंय म्हणून ते दाखवतात तेव्हा खरंच बरं चाललेलं असतं. माझा आक्षेप एवढाच की त्यात उघडायला काही नाही.

दिवाळीनंतर ६४ जीबीचं मशीन घेतलं. ती मुलगी फोटो आहेत तसे टाइमलाइनवर ओतते, मी माझे बारीक करून घेतो, आणि आमच्या दोघांच्या फिल्मा सारख्याच वेळेत निघतात. हे मला सहन करावं लागलं. मग गेल्या पंधरवड्यात दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये, फोरके टाइमलाइनवर, अल्बमच्याच गाण्याला तिच्या पडद्यावर संदेश आला: जीपीयूची मेमरी भरली. निम्मी रॅम रिकामी पडलेली, आणि ग्राफिक्स कार्डावरचे सहा जीबी तुडुंब. कार्डावरची मेमरी वाढवता येत नाही, कार्डच बदलावं लागतं. ती मोबाइलवर कार्डांच्या किमती बघत होती. मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “फोटो ३८४० वर आण बघू.” आणले. निघाली फिल्म. त्या दिवशी सगळ्यांचा चहा मी सांगितला, आणि कशाबद्दल ते तिने विचारलं नाही.